विटांवरची जीप

विंचूरला एका कांदाचाळीमागे ती जीप भोपळ्याच्या वेलाखाली निजली होती. संघर्षने ती पाहिली आणि त्याला राहवेना. टेम्पोत घालून त्याने ती नाशिकला घरी आणली, गॅरेजात चारी कोपऱ्यांना विटा रचून त्यांवर टेकवली आणि चाकं काढून ठेवली. चैताली, त्याची बायको, दारातून म्हणाली, "लोकांच्या घरी गाडी येते, आपल्याकडे सांगाडा आला."

संघर्ष तहसील कचेरीत क्लार्क. सुट्टीची दुपार झाली की तो गॅरेजात शिरे. रॉकेलात नट बुडवायचे, पॉलिश पेपरने गंज घासायचा. घासता घासता रंगाखालून रंग निघत, पांढऱ्याखाली निळा, निळ्याखाली जुना शेवाळी हिरवा. गाढ झोपलेल्या कुणाला तरी हलकेच उठवावं, तसा त्याचा हात आपोआप हळू होई.

त्याची आई आक्काबाई उभी हयात सुरगाण्याच्या डोंगरात सरकारी नर्स होती. अलीकडे तिची आठवण विरत चालली होती. शेजारणींची नावं निसटत, कधी सुनेलाच ती बहिणीच्या नावाने हाक मारी. एका रविवारी ती गॅरेजात आली, जीपकडे टक लावून बघत राहिली, मग पदर खोचला आणि कुणाचा हात न धरता पुढच्या बाजूला चढून बसली. सीट अजून नव्हतीच, नुसती फळी.

"चला धोंडीराम," ती म्हणाली. "उजेड आहे तोवर घाट उतरू."

धोंडीराम म्हणजे दवाखान्याच्या जीपचा ड्रायव्हर. त्याला जाऊन वर्षं लोटली होती. संघर्षने हातातला पाना खाली ठेवला. मग तो स्टिअरिंगमागे जाऊन बसला.

"चला, बाई," तो म्हणाला.

त्या दिवसापासून विटांवरची जीप दर सुट्टीच्या दुपारी निघू लागली. अर्ध्या उघड्या शटरमधून ऊन आत येई, धुळीचे कण त्यात तरंगत. आक्काबाई वाट सांगे. "सावकाश, पुढं दरड आलीय. ते बघा, मोहाखाली बाया उभ्या आहेत, डोस द्यायचाय पोरांना." संघर्ष चाकं नसलेल्या गाडीचं स्टिअरिंग फिरवी. हळूहळू त्यालाही दिसू लागलं. उतारावरची नागलीची शेतं, कौलांतून झिरपणारा धूर, खाली दरीत साचलेलं धुकं. एकदा तर वळण घेताना त्याच्या कानाला गार वारा लागला आणि त्याने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती, तिच्यावर सायकल टांगलेली.

पण प्रत्येक प्रवास एकाच जागी अडे. "थांबा! पाणी चढलंय," असं म्हणून ती फळीची कड घट्ट धरून बसे. बरेच दिवस तेवढंच. मग एका दुपारी पुढचंही आलं. करंजपाड्याची मालनबाई अडलेली होती, मागच्या बाकावर नवरा पुंजा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला. सुरगाण्याला पोचायचं तर नदी ओलांडायला हवी, आणि नदी फुगलेली. मालनबाई जीपमध्येच बाळंत झाली.

"पोरगी रडेचना, धोंडीराम. निळी पडली होती. मी तोंडाने श्वास भरला, तेव्हा कुठे कण्हली. पुंजा दोघींना घेऊन पाड्यावर परतला, आणि त्याच आठवड्यात माझी बदली." तिने संघर्षच्या दंडावर हात ठेवला. "जगली का हो ती?"

धोंडीरामला ठाऊक असेल, या आशेने ती बघत होती. त्या संध्याकाळी संघर्षने चैतालीला सांगितलं, गाडी रस्त्यावर आली की आईला करंजपाड्याला न्यायचं.

"आणि नसेल जगली तर?" चैताली म्हणाली. "काय सांगणार आहेस त्यांना?"

"तिथं गेल्यावर बघू. इथं बसून दर वेळी खोटं नाही बोलवत."

दसरा सरला तेव्हा इंजिनाने दोनदा खोकून सूर धरला. चैतालीने स्वतः ताडपत्रीचं छत ओढून बांधलं. रविवारी सकाळी तिघं निघाली. रस्ता रुंद झाला होता, नदीवर पूल होता. पुलावरून जाताना आक्काबाई खाली पाण्याकडे बघतच राहिली.

करंजपाड्याला एक म्हातारा अंगणात भात वाळत घालत होता. जीपचा आवाज ऐकून त्याने मान वर केली. गाडी नीट न्याहाळली, मग आत बसलेल्या बाईला.

"नर्सबाई?"

"पुंजा," आक्काबाईने त्याला नावासकट ओळखलं. "पोरगी जगली का रे?"

"जगली ना! लय तिखट निघाली. जिपीत झाली म्हणून जिपीच नाव ठेवलं." तो हसता हसता थांबला. "मालन गेली मागल्या साली. तुमचं नाव काढायची लय."

"कुठे आहे जिपी?"

"हितं कुठं, दिंडोरीला. द्राक्षाच्या छाटणीला गेलीय. तुम्ही तिच्या बागेवरूनच आला असाल."

चैतालीला हसू फुटलं. कुणी बोलावण्याआधीच पुंजा वाट दाखवायला मागे चढून बसला.

बागेत बायांच्या रांगा हात वर करून काम करत होत्या. पुंजाने हाक घातली तशी एक उंच, काळीसावळी बाई हातात कात्री घेऊन आली. चाळिशीची असेल. "ह्याच त्या," पुंजा एवढंच म्हणाला. जिपीने कात्री खाली टाकली आणि काय करावं न सुचून ओढणीला हात पुसत राहिली. आक्काबाईने तिचं मनगट हातात घेतलं, डोळे मिटले आणि बराच वेळ नाडी बघितली.

"छान चाललीय," ती म्हणाली.

संघर्षला तिथं उभं राहवेना. तो बॉनेटला टेकून वेलींच्या तारांकडे बघत राहिला, आणि त्या तारा पाण्यात असाव्या तशा हलत होत्या.

"जेवल्याशिवाय सोडायची नाय," जिपी म्हणाली आणि बांधावर फडकं पसरलं. नागलीच्या भाकरी, खुरासणीची चटणी. भाकरी पुरेनात म्हणून शेजारच्या रांगेतल्या बायांनी आपापली शिदोरी आणली. आक्काबाईला चटणीचा ठसका लागला, तशी जिपीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. उन्हं कलेपर्यंत सगळे तिथेच बसून होते. उठायची घाई कुणालाच नव्हती.