छप्पनची विहीर

"काका, घोडे छप्पनच ना? पेंटर विचारून राहिलाय, सगळे काढायचे की चार काढून मागं धूळ दाखवायची?"

नगर परिषदेच्या बांधकाम विभागात भैरवी मॅडमनी माझ्यापुढे फलकाचा नमुना सरकवला. सहा फुटी पत्र्यावर लिहायचा मजकूर असा होता : 'छप्पनची विहीर. स्वारीवर निघालेल्या एका सरदाराचे छप्पन घोडे येथे पाणी प्याले, म्हणून हे नाव.'

"घोडे नव्हतेच," मी म्हणालो.

"मग काय, उंट होते?"

याच कार्यालयाच्या करविभागात मी बत्तीस वर्षं बाबू होतो आणि तेवढ्या काळात या शहराला घडला त्याहून जास्त इतिहास पुरवला. पुसदकडून घाट उतरून आलेला पाहुणा विचारायचा, तुमच्या टेकडीचा माथा सपाट कसा? मी सांगायचो, राक्षशिणीनं त्यावर भाकर थापली. नाला एकदम का वळला? सर्व्हेवाल्या साहेबाला शिंक आली, पेन्सिल हलली, मग नाल्यालाच नकाशाप्रमाणे वळावं लागलं. ऐकणारे हसायचे. फक्त एकदा एक प्राध्यापक आले, ते हसले नाहीत. त्यांनी घोडे लिहून घेतले आणि शहराच्या इतिहास-भूगोलावर पुस्तिका काढली.

"पुस्तिकेत आधार दिलाय," भैरवी मॅडमनी पान उघडलं. "स्थानिक जाणकार, श्रीकृष्णबाबू, करविभाग."

"तो जाणकार मीच. थाप मारली होती."

मॅडमनी पुस्तिकेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत पुस्तिकेकडे. "पुस्तकातले तुम्ही खरे की समोरचे?"

"समोरचा. छप्पन म्हणजे एकोणीसशे छप्पन. नागपूरहून दीक्षा घेऊन आलेल्या घरांना जुन्या विहिरीवर पाय ठेवू दिला नाही लोकांनी. त्यांनी आपली वेगळी खोदली. दहा वर्षांचा होतो मी, डोळ्यांनी पाहिलंय."

"आणि आज आठवलं?" त्या खुर्चीत मागं रेलल्या. "कोणी पाठवलं काका तुम्हाला? निवडणुका जवळ आल्या की इथं सगळ्यांना विहिरी आठवतात."

"कोणी नाही."

"मग लेखी जबाब आणा. खोदणाऱ्यांपैकी कोणी असेल तर."

एकच उरली होती. मथुराबाई. तेव्हा नुकतं लग्न होऊन आलेली, आता शहाऐंशीची. विहिरीपलीकडच्या गल्लीत तिचं घर. मी दारात उभा राहिलो तर आतून आवाज आला, "कोन हाय? मी अंगठा-बिंगठा देत नाही कोनाले!"

"मी श्रीकृष्ण, मथुराबाई."

"मंग तर बिलकुलच देत नाही." ती भिंत चाचपत उंबऱ्याशी आली. मोतीबिंदूनं डोळे दुधासारखे झाले होते. "अन् अंगठा कायले? मले सही येते. मागच्या टायमाले केलती एका कागदावर. अर्धं आंगन रस्त्यात गेलं."

मी फलकाचं सांगितलं, जबाबाचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, मान तिरपी करून. तराजूचा काटा पाहणारं गिऱ्हाईक ऐकतं तसं.

"घोड्याचं तूच सांगतलं होतं न त्या मास्तराले?"

"हो. गंमत म्हणून."

"गंमत!" ती हसली. ते हसू काही मला आवडलं नाही. "आमाले हाकलाले जे आलते, त्यात तुहा बाप सगळ्यात पुढं होता बाबू. हातात काठी. मी घागर घेऊन उभी होती. खरं सांगतलं असतं त बापाचं नाव आलं असतं. घोडे सोपे पडले तुले."

इतकी वर्षं मी स्वतःलाही 'गंमत' हेच सांगत आलो होतो.

"सही करा बाई. तेवढ्यानं नावं लागतील."

"आमी दगड फोडून पानी काढलं. त्याले आता सही लागते का? पानी पेऊन पाहा म्हना." मग खाटेवर बसत ती म्हणाली, "लिहू नको. आईक फक्त." आणि तिनं अकरा नावं सांगितली, पहिलं तिच्या नवऱ्याचं, गोमाजीचं. कोण सुरुंग भरायचं, कोण गाळ ओढायचं, कोणाचं बोट गेलं. मी ऐकलं. खिशातला पेन काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मी माझाच जबाब लिहून दिला, बापाच्या नावासकट. भैरवी मॅडमनी तो दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचा चेहरा जरा मऊ झालासा वाटला. पण फायलीला चेहरा नसतो.

"काका, एकाच माणसाचे दोन जबाब. वर विचारतील. मी घोडेही काढून टाकते आणि हेही ठेवत नाही. पुरावा आला की लिहू. पत्रा कापत नाही, जागा राहू देते."

विहिरीच्या कठड्याला लागून फलक लागला तो असा. वर एका ओळीत 'छप्पनची विहीर', खाली 'कचरा टाकू नये', आणि मधला सगळा पत्रा कोरा, निळा.

संध्याकाळी मथुराबाई काठी टेकत आली. मी कठड्यावर बसलो होतो. मी खोकलो तशी ती म्हणाली, "बाबू, तूच हायस न? वाच काय लिहिलं त."

मी घसा साफ केला. आयुष्यात इतकी घाई मला कोणत्याही थापेची झाली नव्हती.

"ही विहीर एकोणीसशे छप्पन साली खोदली. खोदणारे : गोमाजी..."

"थांब." तिनं काठी कठड्याला लावली, हात वर करून पत्रा चाचपला आणि वरच्या ओळीखाली बोट ठेवलं. पेंटरनं रंग जाड लावला होता; अक्षरं बोटाला लागत होती. त्यांच्याखाली पत्रा सपाट होता. बोट तिथं थोडं थांबलं. मला वाटलं, संपलं.

"हं," ती म्हणाली. "गोमाजी. पुढं?"

"लहानू. सुदाम."

एकेका नावाला ती बोट थोडं खाली घ्यायची. दहाव्या नावाशी मी अडखळलो.

"तांड्यातली रुपीबाई राह्यली," ती म्हणाली. "दोर तिनं देल्ला होता."

"हो, आहे. रुपीबाई," मी वाचलं.

अकरावं नाव घेतलं तेव्हा कोरा पत्रा संपला होता, बोटाला 'कचरा टाकू नये' लागलं होतं. ती कमरेतून वाकली आणि ते नाव तिनं कठड्याच्या दगडावर ठेवलं.