तिसरी दाढ

दातांच्या डॉक्टरला घरात सगळे अजून बारक्याच म्हणत. चाळिशी उलटली, डोक्यावरचे केस गेले, दवाखान्याच्या पाटीवर नावापुढे पदव्या लागल्या, तरी वहिनीच्या तोंडी तो बारक्याच. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि वहिनी लग्न होऊन नुकतीच घरात आली होती. त्याचे डबे, परीक्षा, आजारपणं, सगळं तिनंच निभावलं.

वहिनी बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची. अठ्ठावीस वर्षं. तिनं दुकानात नुसतं "केवढ्याला?" विचारलं तरी शेजारची बाई वळून म्हणायची, "अगंबाई, फलाट क्रमांक चार!"

एके दिवशी घोषणा अर्ध्यावर टाकून ती गाल धरून खाली बसली. उजव्या जबड्यात विजेचा झटका बसावा तशी कळ आली होती. सगळं मिळून दहा-बारा सेकंद, पण डोळ्यांतून पाणी काढणारी. ती तडक दिराच्या दवाखान्यात आली.

खालची एक दाढ थोडी किडलेली होती. त्यानं ती साफ करून भरली. आठवड्यात कळ परत. मग त्यानं ती काढून टाकली. पंधरा दिवसांनी पुन्हा कळ, म्हणून शेजारची काढली. तिसऱ्या वेळी त्यानं एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. पुढची दाढ ठणठणीत होती. हे आपल्या आवाक्यातलं दुखणं नाही, एवढं त्याला कळून चुकलं. पण तसं म्हणायचं, तर आधीच्या दोन दाढांचं काय?

"हीच आहे," तो म्हणाला. "काढून टाकू."

वहिनीनं तोंड उघडलं.

कळ राहिली, दाढ गेली. तेव्हा त्यानं दादाला बाजूला घेऊन सांगितलं, "मनाचं आहे रे. नोकरीचा ताण असेल. झोपेची गोळी दे." दादानं गोळ्या दिल्या. वहिनी हळूहळू बोलेनाशी झाली. वारा लागला की कळ, दात घासले की कळ, हसलं की कळ. बसस्थानकावर तिच्या जागी मशीनचा आवाज आला. घरात ती पाटीवर लिहून दाखवू लागली. बारक्या जेवायला आला की मान खाली घालून गिळायचा नि निघायचा.

शेवटी दादानंच तिला मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या नसेचं दुखणं निघालं. औषधानं वर्षभर बरं वाटलं, मग कळ परतली आणि औषध वाढवलं तशी ती गरगरून पडू लागली. तेव्हा त्या डॉक्टरांनी किरणांचे उपचार करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. कापाकापी नाही, टाके नाहीत. बारीक किरणांचे झोत चहूबाजूंनी नसेच्या मुळाशी एका बिंदूवर आणायचे.

उपचाराच्या दिवशी बारक्याही गेला. डॉक्टरीणबाईंनी वहिनीचं तोंड पाहिलं नि भुवया चढवल्या.

"तीन दाढा? कोणत्या शहाण्यानं काढल्या?"

बारक्या दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याचे कान तापले. दादानं त्याच्याकडे पाहिलं नि नजर वळवली. वहिनीनं पाटी ओढली आणि लिहिलं, *आठवत नाही.*

त्याला वाटलं, धरणी दुभंगावी.

बधिर करणारी इंजेक्शनं देऊन तिच्या डोक्याला धातूची चौकट चार ठिकाणी घट्ट बसवली. डोकं केसभरही हलता कामा नये म्हणून. स्कॅन झाला, मोजमापं झाली, तिला आडवं करून यंत्रात सरकवलं. ती पूर्ण शुद्धीवर होती. बाहेरच्या पडद्यावर तिचे पाय दिसत होते, पायमोज्यांतली बोटं एकमेकांवर दाबलेली. बारक्यानं पाच-सात मिनिटं ती बोटं पाहिली आणि उठला.

"बाई, ते दात मी काढले. शेवटचा चांगला आहे हे दिसत असून काढला."

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरची नजर काढली नाही. "या नसेच्या दुखण्यात दात गमावलेले पेशंट माझ्याकडे नेहमी येतात. चूक होते. पण दिसत असून?" त्या थांबल्या. "मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगा."

संध्याकाळी घरी जायला सोडलं. दादा रिक्षा आणायला गेला. वहिनी बाकावर बसली होती, कपाळावर दोन पट्ट्या. बारक्यानं सगळं सांगितलं. मनाचं दुखणं म्हणालो, तेही स्वतःला वाचवायला, हेही सांगितलं.

वहिनी पाटी न घेता, गाल हातानं दाबून, तुटक बोलली.

"तू उजेडात फोटो धरलास. तुझा चेहरा उतरला. मला तेव्हाच कळलं."

"मग तोंड का उघडलंस?"

"तू 'हीच' म्हणालास म्हणून." तिनं श्वास घेतला. "दाढेचं नाही वाटलं एवढं. मला वेडी ठरवलीस, ते लागलं. माझा राग लगेच जायचा नाही, बारक्या. घाई करू नकोस."

"नाही करणार," तो म्हणाला.

रिक्षा आली. दादा पुढे बसला. मागे ते दोघं, मध्ये तिची पिशवी.

त्याच रात्री जेवणापूर्वी त्यानं दादालाही सांगितलं. दादानं ताट बाजूला सारलं आणि महिनाभर त्याच्याशी अक्षरही बोलला नाही. कळ सहाव्या आठवड्यात विरळ झाली, दहाव्यात थांबली. गालाला किंचित बधिरपणा राहिला. वहिनी पुन्हा माइकपुढे बसली. नवे दात मात्र तिनं दुसऱ्या डॉक्टरकडून बसवून घेतले. बारक्याला ते दादाकडून कळलं, आणि दवाखान्यात पुढचा पेशंट खुर्चीत बसलेला असताना तो हात धुवायच्या निमित्तानं बराच वेळ नळापाशी उभा राहिला.