रिकाम्या निरोपांचा धनी

सकाळी साडेदहाला टाचणीच्या अंगात नुसतं वारं शिरलं होतं. ऑफिसात तिला सगळे टाचणी म्हणत, कारण ती एवढीशी होती आणि बोचायची. समोरच्या पडद्यावर मिनिटाला हजारो निरोप येत होते, आणि सगळे रिकामे. पोटात काही नाही, नुसती पाकिटं! रक्तपेढ्या आणि दवाखाने एकमेकांना पाठवतात ते निरोप तिचा सर्व्हर रांगेत लावून पोचवायचा. आज ती रांगच तुंबली होती.

"अकरापर्यंत पाठवणारा सापडला तर ठीक, नाहीतर सगळ्यांचंच बंद करतो," साहेब म्हणाले.

लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, प्रत्येक निरोपासमोर एकच आयपी पत्ता होता, त्यांच्याच दारावरच्या प्रॉक्सीचा. येणारी प्रत्येक रिक्वेस्ट आधी त्या प्रॉक्सीच्या हातात पडते, तो ती आत देतो, आणि सर्व्हर बिचारा त्यालाच पाठवणारा समजतो. चोर कोण म्हणून विचारावं तर हा पहारेकऱ्याकडे बोट दाखवणार! पण प्रॉक्सी आत देताना रिक्वेस्टच्या हेडरमध्ये, म्हणजे पाकिटावरच्या नोंदीत, खरा पत्ता लिहितो, हे टाचणीला ठाऊक होतं. तिने दोन ओळी बदलून तो हेडर लॉगमध्ये उतरवायला लावला आणि श्वास रोखून बसली.

पुढचा निरोप आला. हेडरमध्ये दोन पत्ते. त्यानंतरच्या निरोपातही तेच दोन.

"सापडला!" ती खुर्चीतून उडालीच. पहिला पत्ता तिला पाठ होता. नदीपलीकडच्या रक्तपेढीचा.

"तोडा त्यांना," साहेब म्हणाले.

"थांबा साहेब, फोन तरी करू." तिने स्पीकर लावला आणि काय चाललंय ते सांगितलं.

पलीकडचे तंत्रज्ञ भडकलेच. "अहो ताई, सकाळपासून मोजून नऊ निरोप पाठवलेत आम्ही! दहावा तुमच्याकडे अडकलाय. तिकडे दवाखान्यात ऑपरेशनच्या टेबलावर बाई आहे, तिच्या रक्तगटाची पिशवी दुसऱ्या पेढीतून मागवायचीय. आणि तुम्ही आम्हालाच तोडताय?"

अकराला सहा मिनिटं होती. टाचणी पुन्हा त्या दोन पत्त्यांकडे बघत बसली. पहिला पत्ता रक्तपेढीचा खरा, पण लिहिला कोणी? हेडरमध्ये पाठवणारा आधीच काहीही लिहून ठेवू शकतो. प्रॉक्सी ते खोडत नाही, फक्त स्वतः पाहिलेला पत्ता शेवटी जोडतो.

"उलटं वाचायचं होतं हो! मी सुलटं वाचत बसले!" तिने टेबलावर थाप मारली. साहेबही खुर्ची ओढून शेजारी आले. तिने शेवटचा पत्ता शोधायला टाकला.

तो याच इमारतीतला निघाला. याच मजल्यावरचा.

"म्हणजे चोर आपल्यातच!" साहेबांनी हात चोळले. "कुणाचं टेबल?"

टाचणी गुडघ्यांवर बसून स्वतःच्याच टेबलाखाली शिरली. चाचणीच्या मशीनचा हिरवा दिवा मजेत लुकलुकत होता. रांग किती ताण सोसते ते बघायला तिनेच काल रक्तपेढीची एक खरी रिक्वेस्ट उचलली होती. पेशंटची माहिती नको म्हणून आतला मजकूर पुसला, हेडर रक्तपेढीच्या पत्त्यासकट तसाच ठेवला, सकाळी दहाची वेळ लावली आणि साफ विसरली. तिला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

तिने वायर उपटली. पडदा शांत झाला, रांग सरसर पुढे सरकली.

"गेला! ताई, दहावा गेला!" तंत्रज्ञ फोनवर ओरडले. "पिशवी निघाली म्हणून उत्तरही आलं! कोण होतं हो ते शेवटी?"

साहेब वाकून टेबलाखाली बघत होते. टाचणीच्या हातात वायर तशीच होती.

"मी," ती म्हणाली.

"मग ताई," तंत्रज्ञ म्हणाले, "तोडायच्या आधी फोन केलात, बरं केलंत."