उलट्या दोरीचं इंजिन

नवं राज्य झालं तेव्हा रायपुरात ज्याला त्याला काही ना काही मिळालं. कुणाला बंगला, कुणाला लाल दिवा, कुणाला नुसतीच बदली. रेल्वेतून निवृत्त झालेल्या बाबाराव फिटरांना बोटीचं इंजिन मिळालं. एका सरकारी गोदामात साहेबांची केबिन व्हायची होती, म्हणून तिथलं भंगार बाहेर निघालं आणि त्यात हे होतं: होडीच्या मागे अडकवायचं, दोरी ओढून सुरू करायचं, टू-स्ट्रोक, वयानं बाबारावांच्या बरोबरीचं.

ब्राह्मणपाऱ्यातल्या अंगणात बाबारावांनी त्याचा संसार मांडला. कार्बोरेटर रॉकेलमध्ये भिजवला, पॉइंट पॉलिश पेपरनं घासले, गॅस्केट एका जाड लग्नपत्रिकेतून कापलं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला बायकोचं दुधाचं पातेलं घेतलं. हे शेवटचं अंगाशी आलं.

"पुरे झालं," विमलाबाई म्हणाल्या. "चहाले बी पेट्रोलचा वास येऊन राहिला. इतवारी नदीवर न्या. चाललं तं घरात, नाही तं सिलतऱ्याच्या भट्टीत."

सिलतऱ्याला लोखंडाचे कारखाने. तिथं गेलेलं भंगार सळया होऊन निघतं.

बाबाराव तरीही निर्धास्त होते. पाण्याच्या ड्रममध्ये बुडवून त्यांनी इंजिन कितीदा तरी चालवलं होतं. आख्ख्या गल्लीला ठसका लागेपर्यंत उत्तम चाललं. ड्रम काही कुठं जात नाही, त्यामुळे दिशेचा प्रश्न निघालाच नव्हता.

रविवारी टेम्पोत इंजिन घालून मंडळी खारुन नदीवर महादेव घाटाला गेली. मुलगा सुशील मंत्रालयात बाबू. त्याला मराठी कळे, पण उत्तर हिंदीत येई.

"पापा, टेम्पोवाला पूछ रहा है, लौटते में सिलतरा जाना है क्या?"

"त्याले म्हण, आधी चहा पी."

दुकालू केवटानं आपली होडी दिली. विमलाबाई स्वतः चढून बसल्या. इंजिन चालत नाही हे त्यांना जवळून पाहायचं होतं. बाबारावांनी इंजिन मागे कसलं, वरच्या चाकाला दोरी गुंडाळली आणि ओढली. फट्. पुन्हा ओढली. फट्-फट्-फटफटफट!

घाटावर टाळ्या पडल्या. होडी निघाली. मागच्या मागे. पायऱ्यांवर धुणं धुणाऱ्या बायका पिळे टाकून पळाल्या. पायरीवर आदळायच्या आत बाबारावांनी कसंबसं इंजिन बंद केलं.

"बबा," दुकालू गंभीरपणे म्हणाला, "डोंगा तो घर जावत हे."

"पापा, गियर उल्टा लग गया क्या?"

"त्याले गियर नाहीच आहे!" बाबाराव ओरडले. प्लग काढून पाहिला, नळी हुंगली. सगळं ठीक होतं. ठीक असूनही उलटं जाणाऱ्या वस्तूला दुरुस्त कसं करायचं, हे रेल्वेनं शिकवलं नव्हतं. ते पुन्हा दोरी गुंडाळू लागले.

"अहो, उलटी काहून गुंडाळून राहिले?"

"उलटी? मी जलमभर अशीच गुंडाळतो."

ते खरं होतं. बाबाराव डावखुरे. भोवरा असो, मांजा असो की मफलर, त्यांचे वेढे डावीकडूनच पडत. आणि टू-स्ट्रोकचा स्वभाव असा, की उलटं फिरवलं तर ते उलटंही तितक्याच उत्साहानं काम करतं. मंत्रालयात रोज बसणाऱ्या सुशीलला यात काही नवल वाटलं नाही.

"वटसावित्रीले सूत असं गुंडाळतेत का? आणा इकडं." विमलाबाईंनी दोरी घेतली आणि प्रदक्षिणेच्या दिशेनं वेढे घालायला सुरुवात केली, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत.

"अवो, सांभाळून! सात जन्म हेच इंजिन मागशीन!"

"गप बसा. ओढा."

बाबारावांनी ओढली. होडी थरथरली आणि सरळ पुढे निघाली. धूर मागे राहिला, घाट मागे राहिला. विमलाबाईंनी एका हातानं काठ धरला, दुसऱ्यानं पदर. नदीच्या मध्यावर आल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "याहून जोरात नाही जात का?"

फेरफटका मारून परतताना बाबारावांनी घाटाजवळ इंजिन बंद केलं, होडीची पाठ पायऱ्यांकडे वळवली, आपल्या डाव्या हातानं डावीकडूनच दोरी गुंडाळली आणि ओढली. होडी अलगद मागे येऊन पायरीला लागली.

"याले म्हणतेत रिव्हर्स," त्यांनी जाहीर केलं. "मुद्दामच ठेवलं होतं."

"हव," दुकालू म्हणाला.

इंजिन टेम्पोत चढलं. टेम्पोवाल्यानं सुशीलला विचारलं, "तो सिलतरा?"

सुशीलनं तोंड उघडायच्या आत विमलाबाई पुढे बसल्या.

"ब्राह्मणपारा चलो भैया. और गड्ढे बचाके चलाना."