लाळेचं काम

ही गेली तेव्हापासून माझं तोंड कोरडं पडलं. आठ महिने झाले. डॉक्टर म्हणाले, मनावरचं ओझं हलकं झालं की होईल ठीक. मी शिंपी माणूस. दोरा ओवायलाही जवळ पाण्याची वाटी ठेवतो.

त्या दिवशी मुलगी प्रयोगशाळेत नोकरीवर रुजू होणार होती. तिचा पांढरा कोट मीच शिवला. सकाळी शेवटचं बटण लावताना सुई बोटात घुसली आणि कॉलरवर रक्ताचा थेंब पडला. निघायला अर्धा तास उरला होता. दुसरा कोट नव्हता.

आमच्या धंद्यात एक सांगतात: ज्याचं रक्त, त्याचीच थुंकी लावायची, डाग निघतो. मी तोंडात जीभ फिरवली. काहीच नाही.

"थुंका की, बाबा!"

"लाळ म्हण. थुंकी म्हटलेलं तुझ्या आईला चालायचं नाही."

"हो हो. थुंकी टाकायची असते, लाळ आपोआप येते. पाठ आहे मला."

"लाळ आणि लाड एकाच घरातले, असंही म्हणायची. तुझी हनुवटी पुसून पुसून तिला हा शोध लागला."

"मी कोशात बघितलं होतं. संस्कृतात लाला, त्याचं लाळ झालं. लाडाचं काही नव्हतं. आईला सांगितलं, तर म्हणाली, कोश लिहिणाऱ्यानं कधी पोर सांभाळलं नसेल."

मला हसू आलं. "कुणाचं ऐकेल तर शपथ! दात आंबायचे, तरी लिंबू सोडायची नाही."

मुलीनं आईसारखा एक डोळा मिटला, मान आखडली आणि हातात नसलेली लिंबाची फोड मिटक्या मारत चोखली. "अहो, जरा आंबटच निघालं!" हुबेहूब तिचाच आवाज.

माझ्या जिभेखाली पाणी सुटलं. डोळेही भरले, पण आधी डाग. बोट ओलं करून कॉलरवर चोळलं, फडक्यानं टिपलं, पुन्हा चोळलं. लाल होता तो पिवळट झाला, मग कुठे होता तेही कळेना.

"पुरे, बाबा! कोट भिजवाल."

"ओली आहे गं कॉलर."

तिनं कोट तसाच अंगात चढवला. "असू दे. तिथे लाळच तपासायची आहे. पहिला नमुना घरूनच नेते."