मळकट की काचेची

शरच्चंद्र सरांनी गोळ्यांच्या डबीचं झाकण उचललं आणि समोरचा चहा सोडून भिंग मागितलं. काल संध्याकाळी टाकव्याला, नदीकाठी, त्यांनी डबीत एक मेफ्लाय, म्हणजे पाण्यावरची चिमुकली माशी, कोंडली होती. एकच. आता आत दोन होत्या.

तळेगावात तेहतीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला हे मान्य होण्यासारखं नव्हतं.

या चिमुकल्या माशीवरून त्यांचं आणि टाकव्याच्या नथूभाऊंचं चार वर्षं भांडण चालू होतं, आणि त्या भांडणापायी दोघं दर रविवारी नदीवर भेटत. गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून माशीची हुबेहूब नक्कल करायची, ती पाण्यावर तरंगत सोडायची आणि माशाला फसवायचं, असा बेत. मासे मळकट माशी खातात, हे सरांचं मत. काचेच्या पंखांची खातात, हे नथूभाऊंचं. दोन्ही जाती वेगळ्या, एवढ्यावर मात्र एकमत होतं. मासे आजवर तटस्थ राहिले होते.

भिंगाखाली उलगडा झाला. एक माशी जिवंत होती, पंख काचेसारखे. दुसरी म्हणजे नुसती मळकट कात.

"म्हणजे तीच ही," सर म्हणाले. "पंख फुटल्यावरही एकदा कात टाकते. आम्ही दोघंही बरोबर."

"सुटलात," त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई म्हणाल्या. "भांडण मिटलं. आता रविवारी घरी असाल. माळ्यावरची रद्दी काढू."

चहा गार झाला होता. सरांनी तो तसाच, सावकाश प्यायला.

पुढच्या रविवारी ते टाकव्याला पोहोचले तेव्हा नथूभाऊ नेहमीच्या खडकावर ओणवे झाले होते. खडकाला पाच-पंचवीस मळकट काती चिकटलेल्या. नथूभाऊ टॉवेलनं एकेक पुसून काढत होते. चाहूल लागताच त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला.

"कवा आला वो सर?"

"आत्ताच. काय करताय?"

"काय न्हाई. घाण लय पडती हितं. तुमची प्यांट खराब व्हती."

"नेहमी पुसता?"

"आयतवारीच. तुमी यायच्या आदुगर."

सरांनी पिशवीतून गळ आणि दोरा काढला.

"मग, आज कुठली बांधताय?" नथूभाऊंनी विचारलं.

"मळकट. काचेची माशी मासा तोंडात धरणार नाही. चार वर्षं सांगतोय."

"तुमचं डोस्कं," नथूभाऊ समाधानानं म्हणाले आणि जरा सरकले.

खडकावर एक कात राहून गेली होती. सर नेमके तिच्यावर बसले.