मुठीवरचा डाग

मित्रांनो, मी एक जुनी रबरी थापी आहे. पोट रबराचं, मूठ लाकडाची. मुठीवरचा काळा डाग रंगाचा नाही, रक्ताचा आहे.

कोरियातल्या बुसानच्या कारखान्यात साच्यात दाबून, कडा छाटून मला घडवलं. मग मी फरशीवाल्या दोक्सूच्या हाती पडले. मोठ्या फरश्यांच्या फटींत इपॉक्सी नावाचा चिकट माल दाबून भरणं हे माझं काम. दोन डब्यांतला माल एकत्र कालवला की त्याचा लगदा होतो आणि थोड्याच वेळात दगड; उष्णता लागली तर त्याहूनही लवकर. तेवढ्यात फटी भरून फरशी पुसली पाहिजे, नाही तर सारं मुसळ केरात. "दोक्सूची थापी लोण्यासारखी फिरते," असं लोक म्हणत आणि मी फुगून जाई. दोक्सूचा राग मात्र नाकाच्या शेंड्यावर. माल कालवायला धाकटा भाऊ मान्शिक असे. त्याने नुकतीच दारू सोडली होती.

ऐन थंडीत आम्ही एका हमामखान्याच्या दालनात काम करत होतो. अर्धी फरशी झाली आणि माझ्या पोटाला चटका बसू लागला. फरशी खालून तापत होती. मला तोंड नाही, सांगणार कशी? भावांच्या पायांत जाड बूट, हातांत मोजे. बघता बघता लगदा आळून घट्ट झाला आणि फरशीभर चिकटून बसला.

"प्यायलास ना पुन्हा? माप चुकवलंस!"

"दादा, आईशप्पथ, थेंब नाही घेतला."

"मेलेल्या आईची शप्पथ घेतोस, हरामखोरा?"

दोक्सूने मला उगारलं. पहिला घाव कानावर बसला. मान्शिक कोसळला, त्याने डोकं झाकलं, तर दोक्सूने माझ्या कडेने त्याची बोटं ठेचली. मी ओरडू शकत नव्हते. मी फक्त लागत होते, पुन्हा पुन्हा.

तेवढ्यात हमामखान्याची मालकीण मावशी भाजलेली रताळी घेऊन आली.

"पोरांनो, गुडघे गारठले असतील म्हणून जमिनीखालची शेगडी चालू केली हो मी. आता कशी ऊब..." मावशीच्या हातातलं ताट सुटलं.

दोक्सूने मोजा काढला आणि तळहात फरशीला टेकवला. बराच वेळ त्याने तो उचललाच नाही.

इपॉक्सीत डाग मुरत नाही. मावशीने फटीतलं रक्त एका फडक्यात पुसून टाकलं. मला कुणी पुसलं नाही. मान्शिकचा तो कान कायमचा गेला. आजही दोक्सू त्याच्या दारात उभा राहून हाका मारतो. मान्शिकला ऐकू येत नाही की तो ऐकूनही वळत नाही, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, काम झालं की अवजारं पुसून ठेवत जा. आणि कुणावर हात उगारावासा वाटला, तर आधी तो एकदा जमिनीला टेकवून बघा.